‘आखाडा-पडदा’ आणि मोहटोल्याची कुस्ती

कुणी न मागितलेली गोष्ट मनापासून करून द्यायची आणि मग ती जन्मभर निस्तरत बसायचं, असा काही माणसांचा स्वभाव असतो. भंडाऱ्याच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक असलेले अंकुशराव मेश्राम अशांपैकीच एक. भंडारा जिल्ह्याला कुस्त्यांच्या आणि नाटकांच्या बातम्या देणारी वेबसाइट पाहिजे, असं त्यांना कुणीही, कधीही म्हटलं नव्हतं. गोंदिया वेगळं होऊन जिल्हा अर्धा झाला त्याला बारा वर्षं झाली होती, आणि उरलेल्या अर्ध्याच्या रस्ता, पाणी, वेळेवर एसटी अशा पुष्कळ मागण्या होत्या. वेबसाइट त्या यादीत नव्हती.

पण दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. दुपारी कुस्त्या, रात्री तंबूत नाटक, आणि हे होळीपर्यंत चालतं. अंकुशरावांना दोन्हीचं वेड. दुसऱ्या दिवशी पेपर उघडावा तर ‘मंडई उत्साहात संपन्न’, खाली उद्घाटकांचं नाव, सहउद्घाटकांचं नाव, दीपप्रज्वलकांचं नाव. कुणी कुणाला पाडलं, कोणत्या डावावर पाडलं, नाटकातल्या खलनायकाला किती शिव्या पडल्या, याचा पत्ताच नाही. हा अन्याय अंकुशरावांना सहन झाला नाही. शहाण्या माणसानं अन्याय सहन करायला शिकावं, निदान शाळेला सुट्टी असताना तरी.

त्यांची मुलगी रुचिता तेव्हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती. तिनं दिवाळीच्या सुट्टीत बापाला वेबसाइट करून दिली. नाव ठेवलं ‘आखाडा-पडदा’, आणि नावाखाली लाल अक्षरात ‘निकाल खरा’. पहिल्या दिवशी ती एकोणीस वेळा उघडली गेली. त्यातल्या चौदा वेळा ती उघडणारे अंकुशराव स्वतः होते, तीन वेळा रुचिता होती, आणि उरलेले दोघं कोण, या विचारात त्यांचा आठवडा फार चांगला गेला.

सल्ले लगेच सुरू झाले. शेजारच्या सत्यभामाबाईंनी वेबसाइट चष्मा लावून नीट पाहिली आणि यात भाज्यांचं काहीच कसं नाही, असं विचारलं. त्यांच्या मते कुस्त्या पाहणारी माणसं वाचत नाहीत आणि वाचणारी माणसं कुस्त्या पाहत नाहीत, तेव्हा वड्याची कृती टाकावी म्हणजे दोन्हीकडची येतील. मुख्याध्यापकांनी प्रेमानं सुचवलं की नोकरीत असताना दुसरा उद्योग करायला संस्थेची परवानगी लागते. अंकुशरावांनी अर्ज केला. दीड महिन्यानं सचिवांच्या सहीचं उत्तर आलं, की सदर वेबसाइट शाळेपासून किती अंतरावर आहे, तिला किती खोल्या आहेत आणि तिथे विद्यार्थ्यांची ये-जा असते काय, याचा खुलासा करावा. त्यांनी तीन पानी खुलासा केला. त्यावर ‘पाहणीसाठी समिती पाठवण्यात येईल’ असा शेरा पडला. एका रविवारी अंकुशरावांनी समितीसाठी चिवडाही करवून ठेवला होता, तो पुढे घरच्यांनीच संपवला.

पण खरा दणका दिला तो नावांनी. मोहटोला हे करडीच्या अलीकडचं लहानसं गाव, आणि अंकुशरावांची सासुरवाडी. पहिल्याच वर्षी त्यांनी तिथल्या मंडईची बातमी टाकली. कुस्त्यांचं वर्णन असं की वाचणाऱ्याच्या अंगाला माती लागावी. मंडईच्या पत्रकावर मात्र सेहेचाळीस पाहुण्यांची नावं होती आणि अंकुशरावांनी त्यातलं एकही घेतलं नव्हतं. सहस्वागताध्यक्ष क्रमांक तीन होते त्यांचे सासरे, डोमाजी. पुढच्या महिन्यात मेव्हण्याच्या नव्या घराच्या कार्यक्रमाची पत्रिका आली, ती फक्त बायको रीना आणि रुचिता यांच्या नावानं आली. अंकुशरावांनी लिफाफा उलटा करून झटकून पाहिला.

तेव्हापासून ‘आखाडा-पडदा’वर सगळी नावं येऊ लागली. आणि काय सांगावं, वेबसाइट चालायला लागली. लोक ती उघडत, आपलं नाव शोधत, फोनवर बायकोला दाखवत आणि बंद करत. कुस्तीचा निकाल पन्नासाव्या ओळीत गेला. मग नावांच्या क्रमावरून फोन येऊ लागले. माझं नाव त्याच्या खाली काहून, आमच्या नावाला ‘मा.’ लावलं नाही कायले, आणि साकोलीकडच्या एका गावातून तर, यंदा आमची मंडई भरलीच नाही पण पत्रक छापून झालं आहे, तेव्हा नावं तेवढी घ्या, असा निरोप आला. अंकुशरावांनी घेतली. चार वर्षं हे चाललं. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुता धुता त्यांना तोंडपाठ झालेले सहउद्घाटक आठवत आणि अंगातलं बळ गेल्यासारखं होई.

माणूस थकला की त्याला मान हवासा वाटतो. पाचव्या वर्षी मोहटोल्याच्या मंडई कमिटीचे अध्यक्ष कृष्णराव यांनी तो दिला. कृष्णराव म्हणजे गावातली मोठी असामी, तळ्याखालची सगळी चांगली धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं, त्यांची. त्यांनी अंकुशरावांना आखाड्याच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची दिली, खुर्चीला ‘पत्रकार’ असं लिहिलेला पुठ्ठा बांधला, आणि माइकवरून नाव घेऊन शाल-श्रीफळ दिलं. आजवर अंकुशरावांनी सगळ्या कुस्त्या कुणाच्या तरी खांद्यावरून पाहिल्या होत्या. शाल अंगावर, नारळ मांडीवर आणि समोर आडवं काहीच नाही, अशा अवस्थेत त्यांना अर्धा तास फार सुखाचा गेला.

अर्ध्या तासानं तुळसा आली. श्यामराव नावाच्या रोजीनं जाणाऱ्या माणसाची ही पंधरा वर्षांची मुलगी. बापानं शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात माती उकरून तिला शिकवलं होतं, आणि बाहेरगावी तिनं दोन कुस्त्या मारल्याही होत्या. आपल्याकडे रीत अशी की जोड नसलेल्या पैलवानाला हात धरून आखाड्यात फिरवतात, आणि ज्याला लढायचं असेल तो उतरतो. श्यामराव पोरीचा हात धरून फिरत राहिले. पोरगी कुणी उतरेना. तिसऱ्या फेरीला मात्र कृष्णरावांचा नातू गोलू हसत हसत उतरला. गडी एकवीस वर्षांचा, तुळसेपेक्षा वीतभर उंच. मित्रांकडे पाहून हात हलवत तो मातीत आला, आणि डफडं रंगात यायच्या आत तुळसेनं पाय ओढून त्याचा पट काढला. दोन्ही खांदे मातीला. वर आभाळ.

मग मागून कुणीतरी शिट्टी मारली, आणि त्याच वेळी माइकवर कृष्णरावांचा आवाज आला, की ही अतिशय सुंदर कुस्ती बरोबरीत सुटलेली आहे. हजारभर माणसं बसलेली. सगळ्यांनी पाहिलेलं. पण पुढच्या जोडीचं नाव पुकारलं गेलं आणि सगळे पुढच्या जोडीकडे पाहू लागले. अंकुशरावांच्या मांडीवर अजून नारळ होता. नारळ मांडीवर असताना माणसाला पटकन उठून उभं राहता येत नाही, असं त्यांनी पुढे स्वतःला बरेचदा समजावलं. घरी आल्यावर बातमी लिहिताना, नावं सगळी नीट घेऊन, बावन्नाव्या ओळीत त्यांनी लिहिलं, ‘तुळसा विरुद्ध गोलू, बरोबरीत’. वर लाल अक्षरात ‘निकाल खरा’ होतंच.

पुढच्या जूनमध्ये, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असताना, श्यामराव भंडाऱ्याला त्यांच्या घरी आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला फॉर्म होता. नागपूरच्या एका क्रीडा वसतिगृहात तुळसेला घ्यायला तयार होते. राहणं, जेवण, शाळा, तालमीची गादी, सगळं. अट एकच, जिंकलेल्या तीन कुस्त्यांचा छापील पुरावा. दोन कुस्त्यांची कात्रणं मिळाली होती. तिसरी मोहटोल्याची. त्या दिवशीच्या पेपरात फक्त पाहुण्यांची नावं होती, आणि कुस्तीचा उल्लेख असलेली साऱ्या जगात एकच जागा होती. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार होती आणि आज सोमवार होता. हे नाही झालं तर पोरगी यंदापासून धानाच्या रोवणीला मजुरीनं जाणार, हे श्यामरावांनी सांगितलं नाही, पण ते स्पष्टच होतं.

श्यामराव रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्याले आणि अगदी साधेपणानं म्हणाले, “भाऊ, तुम्ही तं तिथंच बसले होते ना जी?”

अंकुशरावांनी हो म्हटलं.

श्यामराव गेल्यावर त्यांनी ठरवलं, एक ओळ तर बदलायची आहे, पाच मिनिटांचं काम. त्यांना आपल्या देशाचा इतका अनुभव असूनही असं वाटलं, यावरून माणूस किती भोळा असतो ते दिसतं. मंगळवारी त्यांनी वसतिगृहाच्या ऑफिसात फोन लावला. तिथले बाबू सभ्य होते. ते म्हणाले की वेबसाइटचा कागद चालेल, पण त्यावर संपादकाची सही आणि गोल शिक्का पाहिजे. शिवाय वेबसाइटवर आधी बरोबरी छापली आहे असं त्यांनी बोलता बोलताच उघडून पाहिलं होतं, म्हणून दुरुस्तीसोबत एक तर मंडई कमिटीचं पत्र लागेल, नाही तर हरलेल्या पैलवानाचं लेखी. वेबसाइट उघडून पाहणारा नवा माणूस मिळाल्याचा आनंद अंकुशरावांना एरवी झाला असता.

शिक्केवाल्यानं गोल शिक्का करायला नकार दिला. त्याच्या मते गोल शिक्का सरकारचा, चौकोनी बाकीच्यांचा. अंकुशरावांनी चौकोनी करून घेतला, बाबूंना फोन केला, बाबूंनी गोलच लागेल म्हटलं. परत आल्यावर शिक्केवाल्यानं मध्यममार्ग म्हणून लंबगोल सुचवला. अखेर बाजारातल्या भांड्यांच्या दुकानावरचा गोल शिक्का दाखवून, हे काय सरकार आहे काय, असा वाद घालून त्यांनी गोल मिळवला. यात मंगळवार संपला. सत्यभामाबाईंनी शिक्का पाहून सांगितलं की जांभळी शाई जुनी झाली, आता निळी चालते.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते मोहटोल्याला निघाले. निघताना रीना म्हणाली की माह्या बापाले त्या गावात राहाचं आहे, एवढं ध्यानात ठेवजा. मग दारापर्यंत आली आणि खालच्या आवाजात म्हणाली की जाच पण. ही दोन्ही वाक्यं अंकुशरावांनी एसटीत शेजारी शेजारी ठेवून पाहिली. डोमाजींनी जावयाला चहा पाजला आणि एक लांबलचक गोष्ट सांगितली, तिचं तात्पर्य असं की मोठ्या माणसाच्या तोंडातून निघालेला शब्द परत आत जात नसतो.

कृष्णरावांनी मात्र चांगलं बसवून घेतलं. त्यांनी पोरीची चौकशी केली, पोरगी गुणाची आहे म्हटलं, फॉर्मचं ऐकून हळहळले. पत्राचं नाव काढताच म्हणाले की कमिटीचा निर्णय तो निर्णय, एक बदलला तर उद्या गेल्या वीस वर्षांचे बदलावे लागतील. आणि मग सहज म्हणावं तसं म्हणाले की यंदाच्या पत्रकावर विशेष अतिथी म्हणून अंकुशरावांचं नाव घ्यायचं कमिटीच्या मनात आहे, पहिल्या पाचांत.

आता मान्य करायला हवं की अंकुशरावांना एक क्षण ते पत्रक डोळ्यांसमोर दिसलं. पहिल्या पाचांत. फोटोसह. मग श्यामरावांचा तो साधा प्रश्न आठवला आणि त्यांना स्वतःची शरम वाटली. तुमची शाल तुम्हालाच परत, असं काहीतरी करून बाणेदारपणे उठावं असं त्यांच्या मनात आलं. पण ती शाल त्यांनी मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला पांघरली होती, आणि मुख्याध्यापकांनी ती नंतर कुणाला पांघरली हे कोण सांगणार. नुसतंच उठणं त्यातल्या त्यात बाणेदार दिसावं म्हणून ते चहा अर्धा टाकून उठले. चहा चांगला होता.

गोलू तळ्याखालच्या बांधीत होता. पऱ्हे टाकून धानाची रोपं करायला घेतली होती आणि तो गुडघाभर चिखलात बांधीच्या कडेचा धुरा बांधत उभा होता. अंकुशराव धुऱ्यावरून दोनदा घसरले, एक चप्पल चिखलात गेली, ती काढताना चष्मा गेला. गोलूनं दोन्ही वस्तू काढून दिल्या, चष्म्याची एक काच मात्र चिखलातच राहिली. चष्मा पुसत पुसत अंकुशरावांनी घाबरत, फार लांबून विषयाला हात घातला. खेळातली हार-जीत, मनाचा मोठेपणा, पोरीचं भविष्य, असं बरंच बोलत राहिले. गोलू फावड्यावर रेलून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, “कागद आणला काय?”

अंकुशरावांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

“हारलो म्हनले असते तं गाव चार दिवस हासलं असतं न् मोकळं झालं असतं,” गोलू म्हणाला. “आबानं बरोबरी केली म्हून अजून हासून राहिलं. पानठेल्यावर गेलो का विचारतेत, काय गोलूभाऊ, आज कोनासंग बरोबरी? मले मोकळं करा जी मामा. लिहा, चीत झालो.”

त्यानं हात पँटला पुसले. अंकुशरावांनी पाठीचा आधार दिला आणि गोलूनं त्यांच्या पाठीवर कागद ठेवून ‘मी तुळसाकडून चीत झालो’ असं लिहून सही केली. मग थोडा थांबून म्हणाला की वेळ तेवढी दोन मिनिटं टाका. अंकुशराव म्हणाले पन्नास सेकंद. गोलूनं दीड मिनिट सुचवलं. चिखलात एक पाय, चष्म्याला एक काच, आजा नाराज, सासरा नाराज, आणि अंकुशराव धुऱ्यावर उभं राहून पन्नासच्या पुढे सरकेनात. आपण इतके हट्टी आहोत हे त्यांना त्या दिवशीच कळलं. अखेर गोलू हसला आणि म्हणाला, पन्नास तं पन्नास.

त्याच संध्याकाळी बातमी गेली. यावेळी तिच्यात एकाही पाहुण्याचं नाव नव्हतं. ‘मागच्या मंडईत तुळसेनं गोलूला पन्नास सेकंदांत पट काढून चीत केलं. ती कुस्ती बरोबरीत सुटली असं आम्ही छापलं, ते खोटं होतं. ते आम्हाला छापतानाही माहीत होतं.’ शेवटचं वाक्य रुचितानं काढून टाका म्हटलं होतं. त्यांनी ठेवलं. गुरुवारी कागद, सही, गोल शिक्का, गोलूचं लेखी, सगळं घेऊन श्यामराव नागपूरला पोचले.

‘आखाडा-पडदा’ची ती बातमी दोन दिवसांत चार हजार वेळा उघडली गेली, आणि फोन सुरू झाले. अंकुशरावांनी शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती. पण फोन करणारे मोहटोल्याचेच होते आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, आम्हीही पाहिलं होतं, साक्षीदार म्हणून आमचं नाव घ्या. इतके महिने गप्प बसलेलं गाव एकाएकी डोळस झालं. एकशे सात नावं झाली. काही जण तर त्या दिवशी गावातच नव्हते. शनिवारी डोमाजींचा फोन आला, की जवाईबापू, माह्यं नाव कितव्या नंबरवर हाय? अंकुशराव इतके दमले होते की त्यांना हसू आलं, आणि बराच वेळ थांबेना. कृष्णरावांचा फोन आला नाही. तो येईल अशी अंकुशरावांची अपेक्षाही नव्हती, आणि पुढच्या मंडईत आपण पुन्हा कुणाच्या तरी खांद्यावरून पाहणार हे त्यांनी मनाशी धरून टाकलं. एकही नाव त्यांनी छापलं नाही.

जुलैत तुळसेला बोलावणं आलं. नागपूरच्या एसटीला अजून वेळ होता म्हणून श्यामराव तिला घेऊन शाळेच्या फाटकाशी आले. तुळसेच्या हातात एक ट्रंक होती आणि अंगावर नवा ड्रेस. अंकुशराव तिच्याशी आजवर एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी तिच्यावर दोन वेळा लिहिलं होतं, एवढंच. नीट जेवत जा, मन लावून शिक, असं मोठ्या माणसांनी बोलायचं ते सगळं ते बोलले.

तुळसा ऐकत होती. मग म्हणाली, “काका, त्या दिवशी गोलूले पाडलं न् मी पहिले तुमच्याकडे पाह्यलं. बाकीचे बोलनार नाही मले माहीत होतं. तुम्ही नारळाकडे पाहून राहिले होते.”

श्यामराव तिला रागावले. अंकुशरावांनी हातानं त्यांना थांबवलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, शाळेचं फाटक, आतून शिपाई पाहतोय, आणि डोळ्यांतून पाणी.

“पुढच्या टायमाले पाहाल ना?” तुळसेनं विचारलं.

“पाहीन बाई,” अंकुशराव म्हणाले.

तिनं मान हलवली, ट्रंक उचलली आणि बापाच्या मागे स्टँडकडे निघाली. ती रस्त्याच्या वळणापर्यंत गेली तोवर अंकुशराव तिच्याकडे पाहत उभे होते, आणि शाळेची घंटा होऊन गेली तरी त्यांनी नजर काढली नाही.